परवाना तुमचा संपतो, मग खेळ आमचा का संपावा? सोलापूरच्या खेळाडूंचे खुले पत्र

प्रति,
विज्ञानकथा-मालिकांचे हक्क बाळगणाऱ्या आणि त्यांचे परवाने घेऊन ऑनलाइन खेळ बनवणाऱ्या व विकणाऱ्या कंपन्यांचे भारतातील प्रमुख

स. न. वि. वि.

'स्टार वॉर्स: हंटर्स' हा चार विरुद्ध चार असा सांघिक खेळ ४ जून २०२४ रोजी फोनवर आला आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. पुरते सोळा महिनेही तो चालला नाही. ज्यांनी पैसे घालून त्यातल्या पात्रांचे पोशाख घेतले, त्यांच्याकडे आज उघडून बघण्यासारखे काही उरलेले नाही.

खेळ चालला नाही तर तो बंद होणार, हे आम्हाला समजते. सर्व्हरला भाडे पडते, माणसांना पगार द्यावे लागतात. आम्हाला मान्य नाही ती यामागची रीत. दुसऱ्याच्या मालकीचे विश्व परवान्यावर घ्यायचे, त्याच्या नावावर खेळ उभा करायचा, त्या विश्वावर जीव असलेल्यांना तो पुऱ्या किमतीत विकायचा, आणि मुदत संपली की विकलेली वस्तूसुद्धा निकामी करायची. ही रीत वीस वर्षे चालली आहे. तिच्याबद्दल गप्प बसणे आता शक्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

आम्ही सोलापुरातले खेळाडू आहोत. आमच्यात गेमिंग कॅफे चालवणारे आहेत, ब्रॉडबँडच्या तारा ओढणारे आणि राउटर बसवून देणारे आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुले एकाच लॉबीत, म्हणजे सामन्याआधी जमण्याच्या पडद्यावर, बसतात. इथे साडेतीन-चार हजारांचा खेळ सहज घेतला जात नाही. तो वाट पाहून, सेलमध्ये किंवा सणाला घेतला जातो. त्यावर शंभर जीबीच्या आसपास डाउनलोड. त्यामुळे तो किती दिवस चालणार हा प्रश्न आमच्यासाठी पहिला असतो, आणि त्याचे उत्तर विक्रीच्या पानावर कुठेही नसते.

आता जे घडून गेले ते मांडतो.

'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' २६ जून २००३ रोजी सुरू झाला आणि १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. त्यात लोकांनी शहरे वसवली होती, महापौर निवडले होते, जमिनीतून खनिज काढणारी यंत्रे लावली होती. खनिजाच्या प्रतीवरून बंदुकीचा दर्जा ठरे, त्यामुळे चांगला कारागीर सर्व्हरभर नावाने ओळखला जाई. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने तीसहून अधिक व्यवसायांची ही रचना मोडून नऊ तयार साचे दिले. 'ट्रायल्स ऑफ ओबी-वान' ही विस्तार-आवृत्ती त्याच महिन्याच्या १ तारखेला विकायला काढली होती, आणि हा बदल तिच्यानंतर काही दिवसांतच जाहीर झाला. गहजब इतका झाला की विस्तार-आवृत्तीचे पैसे परत देऊ करावे लागले. पुढे परवान्याचा करार २०१२ मध्ये संपणार म्हणून खेळच बंद केला. त्यानंतर पाचच दिवसांनी, २० डिसेंबर २०११ रोजी, त्याच विश्वाचा पुढचा ऑनलाइन खेळ 'द ओल्ड रिपब्लिक' बाजारात आला.

'द मॅट्रिक्स ऑनलाइन' मार्च २००५ ते जुलै २००९. 'स्टारगेट रेझिस्टन्स' फेब्रुवारी २०१० ते जानेवारी २०११, म्हणजे वर्षही भरले नाही. 'डिफायन्स' हा दूरचित्रवाणी मालिकेच्या जोडीने एप्रिल २०१३ मध्ये आला. मालिका २०१५ मध्ये थांबली आणि खेळ एप्रिल २०२१ मध्ये बंद झाला. या सगळ्यांत प्रेक्षक तुमच्या मालिकेवर प्रेम करत होता म्हणून खेळाडू झाला, आणि शेवटी त्याच्या हाती रिकामी तबकडी राहिली.

सोलापुरातल्या मोठ्या कापडगिरण्या बंद पडून कितीतरी वर्षे झाली, पण त्यांनी विकलेले कापड कुणी घरात शिरून परत नेले नाही. तुम्ही मात्र नेमके तेच करता.

यावर तुमचे नेहमीचे उत्तर असते की बंद होणारा खेळ खेळाडूंकडे सोपवायला मूळ मालक परवानगी देत नाहीत, आणि तांत्रिकदृष्ट्या ते शक्य नाही. दोन्ही उत्तरे आम्ही तपासली आहेत.

परवान्याचे आधी. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या २००५ च्या खेळाचे ऑनलाइन सामने गेमस्पाय या मध्यस्थ सेवेवर चालत. ती सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली तेव्हा सामनेही बंद झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, स्टीम आणि जीओजी या दोन ऑनलाइन दुकानांतून खेळ घेतलेल्यांना एकत्र खेळता येईल अशा सोयीसह. खेळ आला तेव्हा 'स्टार वॉर्स'चे हक्क असलेली लुकासफिल्म स्वतंत्र होती, २०१२ मध्ये तिची मालकी डिस्नेकडे गेली. मालक बदलून आणि तीन वर्षे उलटूनही जो खेळ परत येऊ शकतो, त्याला परवान्याने अडवले असे म्हणता येत नाही. 'मार्व्हल्स ॲव्हेंजर्स' विक्रीतून काढला सप्टेंबर २०२३ मध्ये, पण त्याआधी कंपनीने पोशाख सगळ्यांना मोफत केले आणि ज्यांनी खेळ घेतला होता त्यांना तो एकट्याने किंवा मित्रांसोबत पुढे खेळू दिला. तोही परवान्यावरचाच खेळ. बंद पडलेला 'सिटी ऑफ हीरोज' परवान्यावरचा नव्हता, पण त्याचे उदाहरण सगळ्यांत महत्त्वाचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये हक्कदार कंपनीने 'होमकमिंग' या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. म्हणजे चाहत्यांशी कायदेशीर कागद करता येतो.

आता तंत्राचे, कारण खरी गोम इथे आहे.

ऑनलाइन खेळाचे दोन भाग असतात. चित्रे, आवाज, नकाशे, पात्रे आमच्या संगणकावर उतरतात. कुणाला किती इजा झाली, शत्रू कसा वागला, मोहीम पुरी झाली का, पेटीतून काय निघाले, हे सर्व्हरवर ठरते, आणि तो भाग आमच्याकडे कधीच येत नाही. म्हणून खेळ मेल्यावर त्याला जिवंत करणे इतके अवघड जाते. 'गॅलेक्सीज'साठी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे मेहनत करून सर्व्हर शून्यातून पुन्हा लिहिला. तो चालवायला आजही मूळ तबकडीवरच्या फायली लागतात, कारण त्या वाटण्याचा हक्क त्यांना नाही. 'मॅट्रिक्स ऑनलाइन'साठीही असाच प्रयत्न झाला. शहरात फिरता येते, पण लढाया आणि मोहिमांचा मोठा भाग परत आला नाही, कारण तो सर्व्हरवरचा भाग कुणा खेळाडूच्या डिस्कवर नव्हताच.

शेवटी खेळ सोपवायचा असेल तर लागते काय? स्वतंत्र चालणारा सर्व्हर प्रोग्रॅम, पडद्याशिवाय चालेल असा, विंडोज आणि लिनक्स दोन्हीसाठी. खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलण्याची एक ओळ. लॉगिनची तपासणी कंपनीच्या सर्व्हरऐवजी स्थानिक सर्व्हरवर करण्याची सोय, आणि खेळात पक्के बसवलेले सुरक्षा-प्रमाणपत्र काढून टाकणे, नाहीतर पत्ता बदलूनही जोडणी नाकारली जाते. वस्तू, शस्त्रे आणि शत्रूंचे आकडे असलेले तक्ते. डेटाबेसची रचना. एवढे मिळाले की पुढचे आम्ही बघतो.

यात अडते कुठे तेही आम्हाला ठाऊक आहे. आजचा खेळ एका प्रोग्रॅमवर चालत नाही. लॉगिन वेगळे, मॅचमेकिंग म्हणजे सामन्यासाठी खेळाडू जुळवणे वेगळे, खेळाडूचा साठा वेगळा, दुकान वेगळे, आणि सगळे भाड्याच्या क्लाउडवर एकमेकांत गुंतलेले. त्यात आवाजाची यंत्रणा आणि फसवणूक पकडणारी यंत्रणा तिसऱ्याच कंपन्यांची, ज्यांचे हक्क पुढे देता येत नाहीत. बंद करायची घोषणा झाली की संघातली माणसे दुसऱ्या कामावर जातात आणि हा गुंता सोडवायला कुणी उरत नाही. शेवटच्या महिन्यात हे होणार नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की हे काम पहिल्या दिवशी ठरवा. मूळ मालकाशी परवान्याचा करार करताना त्यात एक कलम घाला, की मुदत संपल्यावर ज्यांनी खेळ विकत घेतला आहे त्यांच्यासाठी सर्व्हर प्रोग्रॅम ना-नफा तत्त्वावर खुला करता येईल. परक्या यंत्रणा अशा जोडा की त्या काढल्यावरही सामना सुरू होईल. आपल्या विश्वाचे नाव कुणी भलत्या कामाला वापरू नये ही मालकाची काळजी रास्त आहे, आणि तेवढ्यासाठी कलमात अटी घालता येतात. सर्व्हर प्रोग्रॅम देण्याने पात्रांवरचा किंवा चित्रांवरचा हक्क कुणाकडे जात नाही.

"सर्व्हर नको, खेळाडू एकमेकांशी थेट जोडून खेळतील" असा मध्यम मार्ग काही कंपन्या सांगतात. सोलापुरात तो चालत नाही, आणि का चालत नाही हे नीट ऐकून घ्या. इथल्या बहुतेक ब्रॉडबँड आणि मोबाईल जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात. म्हणजे इंटरनेटवरचा एक सार्वजनिक आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तिथे राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण त्याच्या पुढचे दार सेवा देणाऱ्याकडे असते. असे दोन खेळाडू एकमेकांना थेट शोधू शकत नाहीत. मधे त्यांना जोडून देणारा किंवा रिले सर्व्हर लागतो, आणि तो तुमचा असतो. तुम्ही तो बंद केला की होटगी रोडवरचा मुलगा विजापूर रोडवरच्या मित्राशीही जोडला जात नाही. कायमचा स्वतंत्र आयपी घ्यायचा तर दरमहा किंवा दरवर्षी वेगळे पैसे पडतात. आयपीव्ही६ या नव्या पत्ता-पद्धतीने हा प्रश्न सुटला असता, पण बरेच खेळ अजून फक्त जुन्या आयपीव्ही४वरच बोलतात. एकाच कॅफेतल्या दोन खुर्च्यांवर बसलेल्यांना लॅनवर, म्हणजे कॅफेतल्याच जाळ्यावर, खेळता आले असते, पण लॅनची सोय तुम्ही केव्हाच काढून टाकली, आणि जिथे आहे तिथेही आधी तुमच्या लॉगिन सर्व्हरची परवानगी लागते. स्वतंत्र आयपी असलेल्या एका संगणकावर आमचा सर्व्हर ठेवता आला तर बाकी सगळे, सीजीनॅटमागून का होईना, त्याला येऊन मिळतील. आमच्यासाठी खरा उपाय एवढा एकच आहे.

खेळ जिवंत असतानाही आमची गैरसोय होते, ती म्हणजे पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरच्या जाण्या-येण्याला कमीत कमी १० मिलिसेकंद. सोलापूरहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००, पुणे २५०. सर्व्हर यांपैकी कुठेही असेल तर चांगल्या फायबरवर २०-२५च्या आसपास पिंग मिळू शकतो. सिंगापूरला गेलो की तो ७०-८०च्या पुढे, युरोपला दीडशेच्या घरात. सेकंदाला ६० वेळा हिशेब करणाऱ्या सर्व्हरवर १८० पिंग म्हणजे तुम्ही बटण दाबून परिणाम दिसेपर्यंत सुमारे ११ हिशेब होऊन गेलेले असतात. मागे जाऊन नेम तपासण्याची सोय सर्व्हरमध्ये असते, पण तिला मर्यादा घातलेली असते, आणि त्या मर्यादेपलीकडची गोळी लागत नाही. आमची मुले नेमात कमी नाहीत, अंतरात कमी पडतात.

भारतात जागा नाही असे म्हणू नका. मायक्रोसॉफ्टचा क्लाउड पुण्यात २०१५ पासून आहे, ॲमेझॉनचा मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत नोव्हेंबर २०२२ पासून. आमची तक्रार अशी की खेळ येतो तेव्हा मुंबईचा सर्व्हर मोठ्या अक्षरांत जाहिरातीत असतो, आणि संख्या रोडावली की एका छोट्या नोंदीत तो सिंगापूरमध्ये विलीन होतो. पैसे भरताना असलेली वस्तू आणि नंतर मिळालेली वस्तू एक नाही. पुरेशी जागा न ठेवता खेळ विकण्याचेही असेच. मार्च २०२४ मध्ये 'बॅटलफ्रंट क्लासिक कलेक्शन' आला तेव्हा सुरुवातीला प्रत्येकी ६४ जागांचे तीनच सर्व्हर दिसत होते, आणि बाहेर हजारो लोक थांबले होते.

वीज गेल्यावर काय होते तेही लिहितो, कारण मोठ्या शहरात बसून हे सुचत नाही. मे महिन्यात इथे वीज क्षणभर जाऊन येते. संगणक यूपीएसवर तग धरतो, पण फायबरचा डबा आणि राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतात. जाणते लोक दोघांनाही बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावतात. ज्याच्याकडे तो नाही त्याला खेळ "सामना सोडून पळाला" असे ठरवतो, गुण कापतो आणि काही वेळ बंदी घालतो.

कायद्याचेही बोलू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे, आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा एका बाजूला देणे हे त्यात मोडते. तुमच्या अटींच्या पानावर "कधीही, कोणत्याही कारणाने सेवा बंद करू" असे लिहिलेले असते. ते या व्याख्येत बसते असे आमचे मत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ॲप आणि संकेतस्थळांवरच्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतल्या तेरा प्रकारांत खोटी घाई दाखवणे आहे. जो खेळ बंद करायचे आत ठरले आहे, त्याच्या दुकानात "फक्त आजच" अशी घड्याळे फिरवणे आम्हाला त्यातलेच वाटते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून नुसता परवाना विकताना "खरेदी करा" असे लिहायचे असेल, तर तो परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. युरोपात खेळ असे मारू नयेत म्हणून १० लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. तिथल्या ग्राहकाला जे सांगता, ते इथल्यालाही सांगा.

आमच्या मागण्या:

१. विक्रीच्या पानावर, किमतीच्या शेजारी, ऑनलाइन सेवा किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लिहा. परवान्याची मुदत ठाऊक असताना ती लपवू नका. मराठीतही लिहा.

२. बंद करण्याची सूचना किमान बारा महिने आधी द्या. ज्या दिवशी सूचना, त्याच दिवशी खेळातले चलन, पेट्या आणि बॅटल पास (ठरावीक मुदतीची विकतची बक्षीस-योजना) यांची विक्री थांबवा. न वापरलेल्या चलनाचे पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा.

३. वर सांगितलेला सर्व्हर प्रोग्रॅम, पत्ता बदलण्याची सोय आणि तक्ते शेवटच्या दिवसाआधी द्या. ते जमणार नसेल तर होमकमिंगसारखा लेखी परवाना देण्याची तयारी दाखवा. नव्या परवान्यांच्या करारात हे कलम यापुढे असलेच पाहिजे.

४. लॅनवर, कंपनीच्या लॉगिनशिवाय खेळण्याची सोय प्रत्येक सांघिक खेळात असावी.

५. भारतातला सर्व्हर जाहिरातीत दाखवला असेल तर तो सेवा संपेपर्यंत भारतातच ठेवा. हलवायचा झाला तर आधी कळवा आणि मागील सहा महिन्यांत खेळ घेतलेल्यांना परतावा द्या.

६. जोडणी तुटल्यास परत येण्यासाठी किमान चार मिनिटे द्या, आणि त्या वेळात परत आलेल्याचे गुण कापू नका.

७. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क खेळाच्या आत, पहिल्या पडद्यावर ठेवा. ४८ तासांत पोच आणि महिन्यात उत्तर हे नियमातच आहे. आपोआप येणारा आभाराचा संदेश म्हणजे उत्तर नव्हे.

या सातपैकी तिसरी मागणी आमच्यासाठी सर्वांत मोठी आहे. बाकी सहांवर बोलणी होऊ शकतात, वेळ लागला तरी चालेल. तिसऱ्या मागणीवर मात्र हो किंवा नाही, असे लेखी उत्तर प्रत्येक कंपनीकडून हवे. एका महिन्यात ते आले नाही तर आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रारी नोंदवू, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला लिहू, आणि अन्याय्य कराराचा मुद्दा घेऊन राज्य आयोगाकडे जाऊ. पावत्या, अटींच्या पानांच्या प्रती आणि पिंगच्या नोंदी जमवायला सुरुवात केली आहे. ज्या वाचकांकडे बंद पडलेल्या खेळांच्या पावत्या असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि आपली तक्रार आपल्या नावाने स्वतंत्र नोंदवावी.

कळावे,
सोलापुरातील खेळाडू, कॅफेचालक आणि नेटवर्कचे काम करणारे